पहिला बाक

"ओ ताई, ढकलताय काय? शाळा पळून चाललीय होय?" सुगेंग ओरडला, तोवर त्यालाच मागून कुणाचं तरी कोपर बसलं.

पहाटेची फजरची नमाज आटोपून अर्धं गाव पहिलीच्या वर्गापुढे लोटलं होतं. जुलैत शाळा उघडायच्या दिवशी दरवर्षी हेच. शिपायाने कुलूप काढलं की आईबाप आत घुसणार आणि लेकरासाठी बाक पटकावणार. ज्याचं दप्तर आधी पडेल, त्याचा बाक वर्षभर. शहाणीसुरती माणसं त्या दिवशी पोरांहून पोर होतात.

सुगेंग एरवी कुणाच्या अध्यात ना मध्यात. सोयाबीन आंबवून त्याच्या वड्यांचं तेंपे करावं, केळीच्या पानात बांधावं, सायकलवरून विकावं. पण त्याच्या बायकोने, नूर्यतीने, तैवानहून फोनवर बजावलं होतं, "पहिलाच बाक हवा हं. मी शेवटच्या बाकावर बसले. बाईंना माझं नावसुद्धा ठाऊक नव्हतं. म्हणून आज परक्या म्हातारीचं हगणंमुतणं काढतेय. आपल्या लारसचं तसं नको व्हायला." इतक्या वर्षांत बायकोने त्याच्याकडे मागितलं ते एवढंच. परवा तिने तिथल्या कामाचा करार आणखी वाढवून घेतला. लेकीला ते कसं सांगायचं, हे त्याला अजून सुचलं नव्हतं.

कुलूप निघालं. सुगेंगने लोकांच्या डोक्यावरून दप्तर भिरकावलं, ते नेमकं फळ्यासमोरच्या बाकावर आदळलं.

"अगंबाई! या मुक्या मांजराला पंजे पण आहेत की!" शेजारची तुमिनी म्हणाली आणि सगळे हसले. सुगेंगही हसला. कितीतरी दिवसांनी त्याला काहीतरी जमल्यासारखं वाटलं.

घंटेआधी तो लारसला घेऊन आला. लाल स्कर्ट, पांढरा सदरा, आणि बापाने घातलेल्या दोन वेण्या, एक जाड, एक बारीक. तिला बाकावर बसवून तो इतर पालकांसारखा बाहेर खिडकीशी उभा राहिला. तुमिनीशी दोन शब्द बोलून वळतो तर पहिला बाक रिकामा! लारस शेवटच्या बाकावर, खिडकीला चिकटून.

"अगं, तिथे काय करतेस? पुढे जा. आईने सांगितलंय ना?"

"इथून फाटक दिसतं, बाबा."

"फाटकात काय ठेवलंय?"

"आई म्हणाली होती, तू शाळेत जायला लागलीस की मी येईन. मी आले ना शाळेत."

सुगेंगच्या मनात आलं, सांगायला हवं होतं, आधीच सांगायला हवं होतं.

"असू द्या, सुगेंगभाऊ," आतून वर्गाच्या एंदांगबाई म्हणाल्या. "पहिला दिवस आहे. येईल हळूहळू पुढे."

तेवढ्यात फोन वाजला. नूर्यती दबक्या आवाजात बोलत होती. "मिळाला का?"

"मिळाला. अगदी फळ्यासमोरचा."

पलीकडे ती हसली की रडली, कळलं नाही. "आणि लक्ष आहे का तिचं?"

"आहे ना," तो म्हणाला. "नजर हलत नाही."

फोन खिशात टाकून त्याने सायकल काढली. तेंपे विकायचं अजून बाकी होतं. फाटकात पोचल्यावर मात्र पाय निघेना. तो तिथेच उभा राहून वर्गाच्या खिडकीकडे बघत राहिला. लारस मान उंचावून, कधी या बाजूने, कधी त्या बाजूने, त्याच्या पलीकडचा रस्ता बघत होती.

सुगेंगने सायकल उचलून कडेला घेतली आणि भिंतीशी सरकून उभा राहिला.