मित्रोव्हदानला यजमान बसत नाही

"मग पाहुण्यांपुढे उभं कोण राहणार? तुझा तो अंड्यासारखा चेंडू?" ओब्राद काकांनी विचारलं.

प्रश्न तिहोमिरला होता. बेलग्रेडच्या ट्रामचे रूळ दुरुस्त करणारा चौतीस वर्षांचा हा माणूस. खांदे दाराएवढे, आवाज मात्र सायीसारखा. टेबलापलीकडे त्याची आई, स्तानोयका, उद्याच्या पावावर पिठाची वेणी घालत होती.

उद्या मित्रोव्हदान, घराच्या संताचा दिवस. सकाळी मेणबत्ती लावायची, पाव कापायचा, आणि शेवटचा पाहुणा उठेपर्यंत यजमानानं उभं राहायचं. वाढावं, ओतावं, हसावं, बसू नये. बाप चाळीस वर्षं असा उभा राहिला. यंदा वसंतात तो गेला, आणि ते उभं राहणं तिहोमिरच्या वाट्याला आलं.

आणि उद्याच दुपारी एकला नॉर्वेशी सामना. रग्बी लीगचा राष्ट्रीय संघ म्हणायचा, पण सगळे कामावर रजा टाकून येणारे, आपापली जर्सी घरी धुणारे. जिंकले तर विश्वचषकाच्या पात्रता फेरीत पाऊल पडणार होतं. पहिल्या फळीतले दोघं जायबंदी होते. उरला होता तिहोमिर.

"यजमान नसला की घरचा संत उठून जातो," काका म्हणाले.

"संताला घाई नसते, भाऊजी. ती तुम्हाला आहे, पेल्याची," स्तानोयका वेणीवरची नजर न काढता म्हणाली. मग मुलाला विचारलं, "किती वेळ असतो रे तुझा खेळ?"

"ऐंशी मिनिटं. पण आई, आधी तयारी, मग येणं..."

"ऐंशी मिनिटं म्हणालास ना? तेवढंच ऐकलं मी. तेवढी उभी राहीन."

"बाईनं उभं राहायचं?" काका.

"बाई चाळीस वर्षं चुलीपुढे उभीच होती. तेव्हा कुणी मोजलं नाही."

सकाळी तिहोमिरनं मेणबत्ती लावली, पाव कापला, आईचा हात कपाळाला लावला आणि निघाला. नऊ वाजले होते.

मैदान ओलं होतं, काळ्या मातीचं. नॉर्वेची पोरं डोंगरासारखी. चेंडू घ्यायचा, धावायचं, पडायचं, उठायचं. सहा वेळा पाडलं की चेंडू त्यांचा. मग त्यांना पाडायचं, पुन्हा उठायचं. सत्तराव्या मिनिटाला तिहोमिरचे गुडघे म्हणाले, आता पुरे. त्याच्या संघाकडे दोन गुणांची आघाडी होती. घरी ती उभी असेल, एवढंच त्याला आठवलं, आणि तो उठला. पुढच्या दहा मिनिटांत किती वेळा उठला ते त्यालाही सांगता आलं नसतं. शिट्टी वाजली तेव्हा आघाडी दोनचीच होती.

पोरं गळ्यात गळे घालून गात होती. तिहोमिर चिखलानं माखलेलाच पिशवी उचलून निघाला.

"कुठे रे?" कप्तान ओग्न्येननं अडवलं.

"घरी. आमचा संत आहे आज."

"आणि आम्हाला बोलावलं नाहीस?"

"संताच्या दिवसाला बोलावतात का कुणी?"

ओग्न्येन हसला. बोलावत नाहीत, हे त्यालाही माहीत होतं. येईल तो पाहुणा. तो वळून ओरडला, "बस फिरवा रे. आणि त्या नॉर्वेवाल्यांनाही घ्या, उपाशी झोपतील बिचारे."

चारच्या सुमाराला बस गल्लीत शिरली. दार उघडंच होतं. स्तानोयका टेबलाशी उभी होती, एक हात खुर्चीच्या पाठीवर, दुसऱ्या हातात उकडलेल्या गव्हाची वाटी. ओब्राद काका दारापाशी येऊन पुटपुटले, "सकाळपासून टेकली नाही रे. मी म्हटलं, मी राहतो थोडा उभा. ऐकेल तर शपथ."

दारातून वाकून वाकून माणसं आत येत होती. स्तानोयकानं एकेकाला रिवाजाचा चमचाभर गहू दिला, एकेकाचा सुजलेला डोळा पाहिला, जिंकलात का म्हणून विचारलं नाही. खुर्च्या संपल्या, पोरं खिडकीत, जिन्यावर, पलंगाच्या कडेला बसली. कोबीच्या पानातल्या खिम्याचं पातेलं येताच नॉर्वेचा लाल दाढीवाला धिप्पाड गडी डोळे मिटून काहीतरी म्हणाला. भाषा कुणालाच कळली नाही. त्याला आणखी दोन गुंडाळ्या वाढण्यात आल्या.

"आई, आता मी," तिहोमिर म्हणाला.

तिनं वाटी त्याच्या हाती दिली. तो उभा राहिला. पेले भरताना हातातून थेंब सांडला नाही.

स्तानोयका भिंतीकडच्या बाकावर बसली. टेबलाआड चपला काढल्या. पावलं फुगून पावासारखी झाली होती. लाल दाढीवाल्यानं ते पाहिलं. आपल्या गुडघ्यावर बांधलेली बर्फाची पिशवी त्यानं सोडली, टॉवेलात गुंडाळली आणि जमिनीवर बसून, फुटणारं भांडं ठेवावं तशा जपणुकीनं, तिच्या पावलांखाली सरकवली.