जावेचा राहिलेला पट्टा

या, असे जवळ सरका. लिथुआनियाच्या पाइनच्या रानातली एक गोष्ट सांगायची आहे. लाज वाटावी अशी आहे, म्हणूनच सांगायची.

बार्बोरा आजीकडे विल्निउसहून गिंटविले नावाची मुलगी आली होती, नात्यांचे जुने शब्द टिपायला. राईची भाकरी आणि चीज पुढे ठेवून आजी मोठ्या तोऱ्यात सांगत होती.

"नवऱ्याचा भाऊ?"

"दिएवेरिस."

"हिंदुस्थानात त्याला देवर म्हणतात, आजी. रशियात देव्येर. हजारो वर्षांपूर्वी आपण सगळे एका बोलीचे होतो, तेव्हापासून बायका हा शब्द सासरी नेत आल्या."

"हजारो वर्षं? तरीच माझ्या दिराला ऐकू येत नाही."

गिंटविले पोट धरून हसली. मग म्हणाली, "आणि दिराची बायको?"

आजीने भाकरीचा तुकडा खाली ठेवला. "येन्ते."

"हा तर आता सापडतच नाही! हाक मारता तसं म्हणून दाखवा ना."

आजीने ती हाक कधी मारलीच नव्हती.

तिकडची रीत अशी, की नवी नवरी सासरच्या एकेकाला नात्याने हाक मारते आणि स्वतः विणलेला कमरेचा पट्टा देते. हाक मारली की नातं जडलं. दिराची बायको अपोलोनिया तुझ्या विणकामाला हसली, असं कुणीतरी बार्बोराच्या कानात घातलं होतं. भरल्या मांडवात अपोलोनियाने हात पुढे केला आणि बार्बोरा तिला ओलांडून पुढच्या बाईकडे गेली. पट्टा पेटीत राहिला. अठ्ठेचाळीस वर्षं मधे फक्त एक कुंपण, आणि हाक मारायची ती "अगं ए" अशी.

"नंतर सांगते," असं पुटपुटून आजी उठली. पेटी उघडली, पट्टा घेतला आणि कुंपणापलीकडे गेली.

अपोलोनिया बटाटे सोलत होती.

"येन्ते," बार्बोरा म्हणाली. मान वर होईना.

अपोलोनियाने पट्ट्यावरून अंगठा फिरवला. "वीण चांगली आहे की. मी कधी नावं ठेवली नव्हती."

"ठाऊक आहे. वर्षभरातच कळलं होतं."

"हात अवघडला होता गं माझा त्या दिवशी, पुढे धरून."

बार्बोराने पट्टा उलगडून तिच्या कमरेशी धरला.

"आता कमरेला कुठे बांधू? मी गेले की माझी शवपेटी खड्ड्यात सोडायला होईल. तेव्हा एक टोक तू धर. आणि उभी काय राहिलीस, सुरी घे."

शरदात अपोलोनिया गेली. बार्बोराने टोक धरलं. गावाने स्तोत्रं म्हटली.

सांजेला देवापुढे आपल्या माणसांची नावं घ्याल, तेव्हा हात पुढे करून उभ्या राहिलेल्या त्या अपोलोनियाचंही घ्या.