शंभराच्या भिंगावरचं तेल

जुना म्हणाल तर मी जुनाच, मित्रांनो. डोंबिवलीतल्या एका कॉलेजच्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत, खिडकीजवळच्या ओट्यावर बसलेला सूक्ष्मदर्शक. कारखान्यात माझी भिंगं घासणारे हात इतके हळुवार होते, की जगातले सगळे हात तसेच असतील असं मला वाटलं. सुरुवातीला मुलं माझ्यात डोकावून ओरडायची, "अय्या, दह्यात हे सगळं आहे?" मग नवी यंत्रं आली. माझी खोळ फाटली, ती फाटलेलीच राहिली.

माझं सर्वांत मोठं भिंग, शंभरपट मोठं दाखवणारं म्हणून शंभराचं, तेलातून बघतं. काचपट्टीवर तेलाचा थेंब टाकायचा, बघून झालं की भिंग पुसायचं. एवढंच.

परीक्षेच्या आदल्या दिवशी ॲड्रियन सराव करून उठला.

"अरे, पुस ना ते!" त्याच्या वर्गातली ट्रिशा म्हणाली.

"जाऊ दे गं, नेक्स्ट बॅच पुसेल. भूक लागलीये."

तेल माझ्यावरच सुकलं. धूळ बसली.

दुसऱ्या दिवशी माझ्यासमोर कृतिका बसली. दिवा गावाहून आलेली, टँकरचं पाणी भरून, लहानग्या लेकीला, श्रियाला, शेजारच्या जोविटा आंटींकडे रडती ठेवून. मागच्या वेळी ती याच प्रयोगात नापास झालेली. आता पास झाली तर माजिवड्याच्या एका लॅबमध्ये नोकरी. नाहीतर शिक्षण बंद, असं घरी ठरलं होतं.

तिनं काचेवर जंतू पसरले, आचेवरून फिरवले. मग जंतू दिसावेत म्हणून जांभळा रंग, आयोडीन, जादा रंग धुवायला स्पिरिट, शेवटी गुलाबी रंग. सगळं बरोबर! थेंब टाकला, डोळा लावला.

नुसतं धुकं.

अगं, तुझं काही चुकलं नाही, मला पूस! मी आतून ओरडत होतो. पण यंत्राला तोंड कुठलं?

"स्पिरिटच जास्त झालं वाटतं, रंगच धुऊन गेला," ती पुटपुटली. तिनं दुसरी पट्टी केली. पुन्हा धुकं.

"मॅडम, काही दिसतच नाहीये."

"आधी नीट करावं लागतं, मग दिसतं," परीक्षक रुपाली मॅडम म्हणाल्या. "आटप बाळा, वेळ संपली."

कृतिकानं निरीक्षणाच्या जागी रेघ ओढली. मॅडमनी शून्य दिलं.

बाकीची मुलं गेली, मॅडमही मार्कांचं पाकीट घेऊन बाहेर पडल्या. कृतिका मात्र सवयीनं माझं भिंग पुसायला थांबली. नव्या तेलानं जुनं सुटलं होतं. मऊ कागदावर काळपट, चिकट डाग उमटला. ती त्या डागाकडे बघत राहिली. मग तिनं डोळा लावला. जांभळे गोल जंतू, द्राक्षांच्या घडांसारखे, लख्ख.

ती दाराकडे धावली. "मॅडम! दिसतंय! एकदा या ना, प्लीज!"

"अगं, मार्कांचं पाकीट सील झालं. आता माझ्या हातात काही नाही."

ती परत आली, पुन्हा माझ्यात वाकली. तिचा एक अश्रू माझ्या काचेवर पडला. तोही तिनं पुसला, मला खोळ घातली आणि श्रियाला घ्यायला निघाली.

मित्रांनो, तुमच्यानंतर माझ्यासमोर कोण बसणार आहे, हे तुम्हाला ठाऊक नसतं. मऊ कागद ओट्यावरच असतो रे. उठण्याआधी एकदा तेवढा हात फिरवा.