घरात माणसं किती?

मित्रांनो, मी एक जुना पॅड आहे. तुम्ही परीक्षेला नेता तो पातळ, चित्रांचा, एका उन्हाळ्यात वाकडा होणारा पॅड डोळ्यांपुढे आणू नका. मी लाकडाचा आहे, चांगला जाड, आणि माझ्या डोक्यावर लोखंडी चिमटा आहे. त्यात एकदा कागद सापडला की भर वाऱ्यातही सुटायचा नाही. स्वतःच्या तोंडाने स्वतःची स्तुती करणे बरे दिसत नाही, हे मला ठाऊक आहे. पण माझ्या वतीने ती करणारे आता फारसे उरलेले नाहीत, तेव्हा मलाच करू द्या.

माझा जन्म सुताराच्या दुकानात झाला. एका कपाटाचे दार मापात चुकले, सुताराने कपाळावर हात मारला आणि त्या फळीतून मला कापून काढले. त्याने मला इतके घासले की हात फिरवला तर कुठे कुसळ टोचत नसे. चुकलेल्या दाराचा तुकडा म्हणून मला कधी कमीपणा वाटला नाही. दार झालो असतो तर जन्मभर एकाच घरात उघडझाप करत राहिलो असतो. पॅड झालो म्हणून गावभरची दारे पाहिली.

मला विकत घेतले ते शाळेतल्या एका बाईंनी. बाई उंच, आवाज खणखणीत, आणि चालणे असे की सोबतच्याला पळावे लागे. मुलांना शिकवणे हे त्यांचे रोजचे काम. पण दर दहा वर्षांनी सरकार देशातली सगळी माणसे मोजते, आणि त्या वर्षी बाईंना प्रगणक म्हणून नेमले. प्रगणक म्हणजे दारोदार जाऊन घरातल्या प्रत्येकाची नोंद करणारा. तेव्हापासून मी बाईंच्या डाव्या हातावर आणि बाईंचे पेन माझ्या छातीवर.

तुम्ही म्हणाल, माणसे मोजण्यात एवढे काय मोठे? अहो, सगळे त्यातच आहे. शाळेला खोल्या किती बांधायच्या, पाण्याचा नळ केवढा टाकायचा, दवाखान्यात खाटा किती ठेवायच्या, बस कुठल्या रस्त्याने न्यायची, हे ठरवणारे लोक काही तुमच्या घरी येऊन बसत नाहीत. त्यांच्यापुढे जातो तो आकडा. आणि तो आकडा त्यांच्यापुढे जाण्याआधी माझ्या छातीवर लिहिलेला असतो. आता मी ताठ राहू नको तर काय करू?

बाईंच्या वाट्याला सूतगिरणीमागची वस्ती आली होती. पत्र्याची घरे एकमेकांना खेटून उभी, आणि गल्लीत कायम कापूस उडत असायचा. त्या वर्षी नगरपालिका गावात एक पाळणाघर बांधणार होती. पैसा एकाच पाळणाघराचा होता, म्हणून जिथे सहा वर्षांखालची मुले जास्त निघतील तिथे ते बांधायचे ठरले होते. वस्तीतल्या बहुतेक बायका गिरणीत जात, तेव्हा ते इथेच होणार असे सगळे धरून चालले होते.

वस्तीत एक कांडीवाली राहत असे. गिरणीत सुताच्या कांड्या भरायची म्हणून तिला हे नाव पडले होते. घरात ती, तिचा नवरा आणि डोळ्यांनी अधू झालेली सासू. बाईंनी दारातून विचारले, घरात माणसं किती? तेवढ्यात गिरणीचा भोंगा झाला. "तीन," असे म्हणून तिने घाईघाईने तिघांची नावे सांगितली आणि चपला अडकवून पळाली. वस्तीतल्या बऱ्याच घरांत असेच झाले. कागद भरले, चिमटा मिटला, आणि चोख काम केल्याच्या समाधानात मी कचेरीत जमा झालो.

काही महिन्यांनी पालिकेतल्या साहेबांनी बाईंना बोलावून मला परत दिले. बोलता बोलता त्यांनी सांगितले की पाळणाघर पुलापलीकडे जाणार, गिरणीच्या वस्तीत लहान मुले फारशी नाहीत. बाईंना हे पटेना. मला काखेत मारून त्या तशाच वस्तीत गेल्या. कांडीवालीच्या दारात दोरीवर लंगोट वाळत होते, आणि सासूच्या मांडीवर एक गुटगुटीत पोर बसले होते. त्याच्या उजव्या हाताला चिंधी गुंडाळलेली होती. कांडीवालीने सांगितले की ते रांगत रांगत चुलीपाशी गेले आणि सासूबाईंना दिसले नाही. उद्या पुन्हा असे झाले तर काय, या धसक्याने कामावर तिचे चित्त लागत नव्हते. पाळणाघर कधी होणार, हेच ती बाईंना विचारू लागली.

बाई पोराकडे बघत राहिल्या. "हा मी आले तेव्हा होता?"

"होता की. आत निजला होता."

"मग सांगितलं का नाहीस गं?"

कांडीवाली बुचकळ्यात पडली. "तुम्ही माणसं विचारलीत, बाई. हा कुठला माणूस? हे तर पोर आहे."

बाई उठून शेजारच्या घरी गेल्या. तिथेही तोच प्रकार. माणसे दोन, आणि पोरे विचाराल तर अंगणभर. गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन त्या परत आल्या आणि कांडीवालीच्या उंबऱ्यावर मटकन बसल्या. पाळणाघर हातचे गेल्याचे त्यांनी तिला सांगून टाकले. तिचा चेहरा उतरला.

"म्हणजे माझ्या एका शब्दापायी?"

"तुझ्या नव्हे," बाई म्हणाल्या. "माझ्या."

दुसऱ्या दिवशी आम्ही साहेबांपुढे उभे. साहेबांनी सगळे ऐकून घेतले, पण त्यांचा विश्वास बसेना. शिकवलेल्या प्रगणकाला लोक पोरेच सांगणार नाहीत, असे कसे होईल? इतक्यात शिपाई पाण्याचे पेले घेऊन आत आला. साहेबांनी त्याला सहज विचारले, "काय हो, तुमच्या घरात माणसं किती?"

"दोन, साहेब. मी आणि आमची मंडळी."

"आणि मुलं?"

"तीन आहेत की," शिपाई म्हणाला, आणि साहेब एवढे का हसतायत ते त्याला कळेना.

मग साहेबांनी पेनाचे टोपण काढून तिथल्या तिथे फेरतपासणीचा हुकूम लिहिला. मात्र पालिकेच्या सभेआधी आकडे हातात पडले पाहिजेत, अशी अट घातली.

पुन्हा आमची वरात निघाली. पहिल्याच घरी बाईंनी विचारले, घरात जीव किती? तिथल्या आजीबाईंनी शेळी धरली, शेळीचे करडू धरले आणि मांजर धरावे की नाही यावर सुनेशी वाद घातला. दुसऱ्या घरी बाईंनी खाणारी तोंडे विचारली, तर अंगावर पिणारे बाळ गळाले. बाईंनी घाम पुसला. तिसऱ्या दारात त्यांनी प्रश्नच उलटा केला. "घरात सगळ्यात धाकटं कोण?"

आणि काय सांगू मित्रांनो, त्या घरच्या बाईच्या तोंडावर जे हसू आले ते आधीच्या कुठल्याही प्रश्नाला आले नव्हते. ती आत धावली आणि बाळाला उचलूनच घेऊन आली. त्यानंतर त्याच्यावरचे, मग त्याच्यावरचे, असे करत करत घरातला सगळ्यात मोठा शेवटी आला. पुढे प्रत्येक दारात बाई असेच विचारत गेल्या. कडेवरची, झोळीतली, दाराआड लपलेली, सगळी कागदावर आली. माझा चिमटा कागदांनी इतका ताणला गेला की तुटतो की काय असे वाटले, पण मी एकही कागद सोडला नाही.

सभेत मी टेबलावर होतो. पुलापलीकडच्या सभासदाने बरीच खळखळ केली, आणि त्याच्याही भागात लेकरे होतीच. पण साहेबांनी नवा आकडा वाचला आणि पाळणाघर गिरणीमागे करायचे ठरले. असा मान किती पॅडांना मिळतो, तुम्हीच सांगा.

आता बाई निवृत्त झाल्या आहेत. मोजणी मोबाईलवर होते, म्हणतात. मी त्यांच्या कपाटामागे उभा आहे, चिमटा गंजला आहे, अधूनमधून वाईटही वाटते. मोबाईलचा मला हेवा नाही. तो हुशार आहे. पण प्रश्न चुकला तर तोही चुकीचे उत्तर मुकाट्याने लिहून घेणार.

एक सकाळ मात्र मला अजून दिसते. पाळणाघराचा पहिला दिवस होता आणि बाई मला घेऊन दारात उभ्या होत्या. भोंगा होण्याच्या जरा आधी कांडीवाली पोराला कडेवर घेऊन आली. पाळणाघरातल्या मावशींनी हात पुढे करून विचारले, कोण आलंय आज? कांडीवालीने पोराला त्यांच्या हातात दिले, त्याचे झबले नीट केले आणि म्हणाली, "आमच्या घरातला चौथा माणूस." मग ती गिरणीकडे निघाली, आणि तिने एकदाही मागे वळून पाहिले नाही.

तेव्हा मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, एवढे तर मी सांगेनच. पण त्याहून एक मोठे काम तुमच्यावर सोपवतो. उद्या तुमच्या दारात कुणी घरची माणसे मोजायला आले, तर आधी पाळण्याकडे बोट दाखवा.