सरुबाईच्या बुगड्या आणि दोन मशिनं

दसरा तोंडावर आला होता. सायखेड्याच्या शिवारात झेंडू ऐन भरात होता आणि सरुबाई बांधावर दोन्ही हात पसरून उभी होती.

"ह्या तुकड्यात कोणी पाय ठेवायचा नाय. माझी बुगडी हाय तिथं."

आदल्या दिवशी फुलं तोडताना तिच्या डाव्या कानातली सोन्याची बुगडी पडली होती. घरी आल्यावर पदर सारखा करताना कानाला हात लागला, तेव्हा कळलं. टोमॅटोला पहिल्यांदा बरा भाव मिळाला त्या वर्षी नवऱ्यानं, फकिरानं, तिला नाशिकच्या सराफ बाजारात नेलं होतं आणि 'तुला आवडंल ती घे' म्हणाला होता. ती ही जोडी. आता तोडणीच्या बायांचे पाय पडले तर बुगडी चिखलात रुतणार, आणि फुलं तोडली नाहीत तर दसऱ्यानंतर त्यांना कोण विचारणार? सून रूपाली सकाळपासून वाकून वाकून बघत होती. पण झेंडूच्या रानात जिकडे बघावं तिकडे पिवळंच चमकत होतं.

मुलगा समाधान मात्र खुशीत होता. उन्हाळ्यात त्यानं ऑनलाइन एक मेटल डिटेक्टर मागवला होता. लांब दांडा, खाली ताटाएवढी चकती, वर आकडे दाखवणारा छोटा पडदा. तो कशासाठी घेतला, हे त्याला बायकोला कधीच नीट पटवता आलं नव्हतं. आज त्याचे दिवस आले होते.

तेवढ्यात त्याची थोरली बहीण छाया स्कुटीवरून आली. ती नाशिकला एका मॉलमध्ये सिक्युरिटीला होती, बायकांच्या दारावर. सुपरवायझरला विचारून तिनं हातातलं तपासणीचं काळं दांडकं एका दिवसापुरतं आणलं होतं.

"ताई, हे काय आणलंस?" समाधान हसला. "ह्यानं काय रान तपासणार? रानाला हात वर करायला सांगणार का?"

"तुझ्या त्या काठीपेक्षा बरं. पर्सच्या तळातली टाचणी ओरडून सांगतं हे."

"माझं हातभर खोल जातं."

"बुगडी काय विहिरीत पडलीय?"

दोघं लहानपणीही असेच भांडायचे. फकिरा बांधावर बसून ऐकत होता. शेवटी तो म्हणाला, "तोंडानं कशाला? मशिनांनाच भांडू द्या की."

मग रूपालीनं विळा पुरला. भाऊबहिणीनं पाठ फिरवून उभं राहायचं, मग वळून शोधायचं, असं ठरलं. समाधानचं मशिन लांबूनच गुरगुरलं. छायाचं दांडकं माती उकरेपर्यंत गप्प राहिलं. मग रूपालीनं ब्लाऊजचा एक हूक झाडांच्या बुंध्याशी टाकला. तिथं समाधानची चकती दाटीत शिरेचना. छायानं दांडकं आत घातलं आणि ते टीं टीं करून ओरडलं.

"एक-एक झाले," रूपाली म्हणाली.

"विळ्यानं आणि हुकानं काय कळतंय?" सरुबाईनं उजव्या कानातली बुगडी काढली. "सोनं शोधायचं ना? मग ही पुर. बघू कोणाचं ओरडतंय."

रूपालीला जरा भीती वाटली. तिनं दोन बोटं माती उकरून बुगडी ठेवली, वरून माती सारखी केली आणि खूण म्हणून एक वाळकी काडी खोचली. पलीकडे जाऊन तिनं हाक मारली. "वळा आता!"

समाधान पडद्याकडे बघत ओळीतून गेला, परत आला. मशिन एकदाही वाजलं नाही. छाया गुडघ्यांवर बसून वीत वीत सरकत होती, पण तिची कंबर धरली तरी दांडकं वाजलं नाही.

"हरलात दोघंही," रूपाली हसत म्हणाली. "थांबा, मीच दाखवते. ही बघा, इथं काडी..."

काडी नव्हती. ती पुढच्या ओळीत गेली. तिथंही नव्हती. सगळ्या ओळी एकसारख्या, सगळी माती पायांनी तुडवलेली. तिनं मान वर केली तर सासरे बांधावर बसून शांतपणे कान कोरत होते.

"अण्णा," तिचा आवाज बारीक झाला, "ती काडी कुठनं घेतलीत?"

फकिरानं काडीकडे बघितलं. मग रानाकडे बघितलं. "हितंच होती कुठंतरी."

रूपालीच्या डोळ्यांत पाणी आलं. सगळ्यांनी सरुबाईकडे बघितलं. तिनं एका हातानं डावा कान चाचपला, दुसऱ्या हातानं उजवा, आणि खाली बसून पोट धरून हसायला लागली.

"बरं झालं बाई! आता दोन्ही कान सारखे तरी दिसतील!"

ती हसली तसं रूपालीलाही रडता रडता हसू फुटलं. फकिरानं काडी हळूच मागे टाकून दिली.

आता मात्र भांडण संपलं आणि काम सुरू झालं. समाधान मशिन घेऊन सावलीत बसला आणि बटणं दाबत राहिला. थोड्या वेळानं त्यानं कपाळावर हात मारला. तोडणीला येणारी माणसं रानात गुटख्याच्या पुड्या टाकतात, त्यांच्या चंदेरी कागदावर मशिन सारखं ओरडायचं, म्हणून त्यानं बटणं दाबून मशिनला असले कागद सोडून द्यायला लावलं होतं. आणि मशिनच्या हिशेबानं बारीक सोनं आणि चंदेरी कागद एकाच माळेतले होते.

"म्हणजे तूच त्याचं तोंड बांधलं होतंस," छाया म्हणाली.

"आणि तुझं? चार बोटांपलीकडचं दिसत नाय त्याला."

"मग तू जागा दाखव, मी नेमकं काढते."

बंधन काढल्यावर मशिन पावलापावलाला वाजू लागलं. समाधान थांबायचा, चकतीनं जागा दाखवायचा. छाया खाली बसून मूठ मूठ माती दांडक्यासमोर धरायची. पुडीचा कागद. बाटलीचं झाकण. पुन्हा कागद. मग पुन्हा कागद. रूपाली सगळा कचरा ओच्यात गोळा करत मागून चालली होती. शेजारच्या रानातल्या लताबाई बघायला आल्या आणि त्याही वाकल्या.

ऊन कलायला लागलं तेव्हा छायाच्या मुठीत टीं टीं झालं. तिनं माती फुंकली. मोत्यांमध्ये चिखल भरला होता, पण बुगडी होती.

"सापडली! मी पुरलेली!" रूपाली ओरडली.

सरुबाईनं ती उलटी करून बघितली. "ही नव्हं. तू पुरलीस तिला फिरकी होती. हिची फिरकी गेलीय. ही कालची."

आता समाधान आणि छायाला जोर चढला. रूपालीनं शपथेवर सांगितलेल्या जागेपासून चांगल्या तीन ओळी सोडून दुसरीही निघाली, फिरकीसकट. रूपालीनं ती पुसून स्वतःच्या हातानं सासूच्या कानात घातली आणि फिरकी इतकी आवळली की सरुबाई म्हणाली, "अगं, कानासकट पिळतेस का?"

अंधार पडायच्या आत तोडणीच्या बाया रानात शिरल्या. घरचे सगळे त्यांच्यासोबत हात चालवू लागले. फकिरा तर सगळ्यात पुढं होता, कोणाच्या नजरेला नजर न देता. शेवटचं क्रेट टेम्पोत चढलं, तेव्हा लताबाई पदराशी चाळा करत समाधानजवळ आल्या.

"समाधान, माझं एक जोडवं मागच्या साली कांद्याच्या रानात गेलंय. ह्यांना अजून सांगितलं नाय मी."

समाधाननं छायाकडे बघितलं. छायानं दांडक्याचं बटण दाबून बघितलं. सेल अजून शिल्लक होता.

"चला, मावशी," ती म्हणाली. "पण खुणेला काडी लावायची नाय."