तीन अग्रलेख, एक चूक

एकवीस वर्षं ती वर्तमानपत्राच्या कचेरीत मुद्रितं तपासत होती. छापायला जाणारं एकही पान तिच्या लाल पेनाखालून गेल्याशिवाय सुटत नसे. सगळे तिला ताई म्हणत; संपादकही.

त्या सोमवारी अग्रलेख आला. नगरपालिकेचं रुग्णालय खासगी कंपनीला देणं कसं शहाणपणाचं आहे, असा. ‘रुग्णालय’मधला रु सात ठिकाणी दीर्घ पडला होता. तिनं पेन उचललं, तोच संपादक म्हणाले, "राहू द्या ताई. मजकूर वरून आलाय. काना-मात्राही हलवायची नाही."

वर म्हणजे मालक. शहरातली तिन्ही वर्तमानपत्रं दोन वर्षांत त्यानं घेतली होती. रुग्णालयावर डोळा असलेली कंपनीही त्याचीच.

घरी तिचा थोरला भाऊ राहायचा. जन्मभर शिवणकाम केलेला, आता वाचनालयात बसून तिन्ही पेपर वाचणारा. मंगळवारी जेवताना तो म्हणाला, "देऊन टाकावं ते रुग्णालय. तिघंही तेच म्हणतायत. तिघं काय खोटं बोलतील?"

"दादा, तिघं नाहीत ते. एकच आहे."

"तुझं आपलं काहीतरीच."

ती तडक उठली, शेजारच्या वाचनालयातून तिन्ही अंक मागून आणले आणि त्याच्यापुढे पसरले. मथळे वेगळे, खालची नावं वेगळी. आत मजकूर तोच, आणि सातही चुका जिथल्या तिथे. दादानं चष्मा पुसून दोनदा वाचलं. मग ताट बाजूला सारलं.

"म्हणजे इतके दिवस मी स्वतःचं मत म्हणून त्या एकाचंच बोलत होतो?"

दुसऱ्या दिवशी तिनं तिन्ही कात्रणं शेजारी शेजारी चिकटवली, चुकांभोवती लाल गोल केले, खाली मालकाचं नाव लिहिलं आणि वाचनालयाच्या फळ्यावर लावली. दुपारपर्यंत तिथे पाय ठेवायला जागा उरली नाही.

संपादकांनी बोलावलं. "हे तुम्ही केलंत?"

"हो. चुका दाखवणं माझं काम आहे. इथे दाखवू दिल्या नाहीत, म्हणून तिथे दाखवल्या."

"माफीचं पत्र द्या, मी सांभाळून घेतो."

"माफी कशाची? त्यातलं खोटं काय, ते सांगा."

तिनं डबा उचलला, पेन खिशात अडकवलं आणि नोकरी सोडून जिना उतरली.

शुक्रवारी नगरपालिकेच्या सभेत रुग्णालय देण्याचा ठराव होता. एरवी ओस पडणारं सभागृह भरून गेलं. कधी चारचौघांत तोंड न उघडलेला दादा उभा राहिला आणि म्हणाला, "आमचं मत आम्हाला विचारा, छापून देऊ नका." बोलून झाल्यावरही तो खाली बसला नाही. ठराव पुढे ढकलला गेला. रद्द नाही झाला, नुसता पुढे गेला.

शनिवारी तिन्ही पेपरांत त्या सभेची एक ओळही नव्हती. ताईनं वाचनालयाच्या फळ्यासाठी कोरा कागद घेतला.

"लोक खवळून उठले, असं लिही," दादा म्हणाला.

"खवळले की नाही, मला ठाऊक नाही. दोनशे दहा जण होते, मी मोजलेत. तेच लिहिते."