उरलेली तीन पानं

हिराचे बाबा भिलाईच्या पोलाद कारखान्यातून भट्टीचं काम शिकायला रशियात गेले, तेव्हा हिरा माझ्या पोटात होती. आता ती बसायला लागली. पंधरा दिवसांनी यायचंच असं त्यांचं पत्र या खेपेला दीड महिना झाला तरी आलं नव्हतं.

त्या रविवारी सेक्टर एकच्या शाळेत नागपूरचे देवीदास मास्तर आपल्या नव्या कादंबरीचं शेवटचं प्रकरण वाचणार होते. शाळेत विज्ञान शिकवतात अन् विज्ञानातल्याच रहस्यकथा लिहितात, असं इथल्या मराठी मंडळाच्या कागदावर होतं. कार्यक्रम दहाचा. पण गाडी लेट, मास्तर दुर्गहून पोचले तेव्हा साडेबारा वाजून गेले होते. तोवर आम्ही बायका सतरंजीवर बसून कंटाळलो होतो.

पण ते वाचायला लागले अन् पोरंसुद्धा गप झाली. एक शास्त्रज्ञ जमिनीखालच्या प्रयोगशाळेत अडकला आहे. लोखंडी दार बंद झालं आहे, आत विषारी वायू चढतो आहे, आधी गुडघ्यापर्यंत, मग कमरेपर्यंत. बाहेर त्याची बायको दाराला कान लावून उभी. आतून पान्याची ठकठक येते. मग येत नाही.

तेवढ्यात कारखान्याचा दीडचा भोंगा झाला.

भिलाईत भोंग्यापुढं कोणाचं चालतं? दुपारपाळीवाले सायकलींकडं धावले. सकाळपाळीवाले दोनला सुटणार, म्हणून त्यांच्या बायका उठल्या.

"काकू, तो निघते का नाही, ऐकून तर घ्या," मी शेजारच्या गयाबाईंना म्हटलं.

"निघन, नाही तं मरन! माह्या घरचा उपाशी येऊन राहिला, त्याले काय गोष्ट वाढू?" चपला शोधत त्या म्हणाल्या. "तू बस आरामात, जया. तुह्या घरी कोन येते दोन वाजता?"

त्यांच्या मनात काही नव्हतं. मी हिराचं टोपडं उगाच सोडलं, पुन्हा बांधलं.

खोली रिकामी झाली तसे मास्तर फाइलची नाडी बांधायला लागले. "राहू द्या बाई. एकटीसाठी काय वाचायचं?"

"आम्ही दोघी आहो." माझा आवाज त्या रिकाम्या खोलीत मलाच मोठा वाटला. "तो बाहेर येते का, तेवढंच वाचा. हिचे बाबा रशियात आहेत. दीड महिना पत्र नाही."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग हिराकडं. चष्मा पुसला अन् भरल्या सभेपुढं वाचावं तसे उभे राहून वाचू लागले.

ठकठक परत आली. लोकांनी दार कापलं. तो खोकत, धडपडत बाहेर आला. बायकोनं त्याच्या तोंडावर पाणी मारलं. तो म्हणाला, भूक लागली.

मघाशी मास्तर झरझर पानं उलटत होते. आता एकही उलटलं नाही. वाक्यं अडखळत होती. "मग... मग ती त्याला घरी घेऊन गेली," म्हणत त्यांनी फाइल मिटली. तीन पानं तशीच राहिली होती.

"छान केला शेवट," मी म्हटलं.

"हो?" ते नाडीशी झटापट करत म्हणाले. "मलाही हाच बरा वाटला."

घरी हिराला निजवून पत्र लिहायला घेतलं. सगळी गोष्ट लिहिली. गयाबाईंचं बोलणं लिहिलं, म्हणजे हसतील. तो बाहेर येऊन भूक लागली म्हणाला, तेही लिहिलं. उरलेल्या पानांशी आले तर हिरा उठली. तिला मांडीवर घेतलं अन् खालची जागा कोरीच ठेवून पाकीट चिकटवलं.